भिवा भेकराचं पान

एका जंगलात मरणाची फार चांगली सोय होती.

आता मुलांनो, तुम्ही म्हणाल, मरायला कसली आलीय सोय? ते कुठेही जमतं. खरं आहे. पण मेल्यावर आपण थोर होतो की नव्हतो हे ठरवून देणारी कचेरी त्या एकाच जंगलात होती. शेजारच्या जंगलांतले प्राणी आपले नुसतेच मरत. मागासलेले होते बिचारे.

या जंगलात ओढ्याकाठी एक जुना वड होता. कुणी थोर प्राणी वारला की पळसाच्या पानावर त्याचं नाव कोरत आणि ते पान वडाच्या पारंबीला बांधत. मग वडाखाली शोकसभा होई. जो तो मयताबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोले आणि डोळे पुसत घरी जाई.

दर आठवड्याला धनेश पक्षी वडाच्या शेंड्यावर बसून त्या आठवड्यातली थोर मरणं वाचून दाखवी. त्याची चोच मोठी, म्हणून हे काम त्याच्याकडे. यादी संपली की तो घसा खाकरून शेवटचं वाक्य म्हणे, "याखेरीज काही जण वारले."

जंगलातले बहुतेक सगळे त्या 'काही जणां'त जात.

ओढ्याच्या वरच्या अंगाला करवंदीची दाट जाळी होती. तिथे भिवा नावाचं भेकर राहत असे. भेकर तुम्ही पाहिलं नसेल. कुणीच फारसं पाहत नाही. कुत्र्याएवढं हरीण असतं, अंगानं तांबूस आणि स्वभावानं लाजाळू. पण ओरडतं मात्र असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी दांडगा प्राणी खवळला आहे.

भिवाचं काम एकच. सूर्य बुडाला की बिबळ्या शिकारीला निघे. ओढ्यावर तेव्हा पाणी पिणाऱ्यांची गर्दी असे. बिबळ्याचा वास आला की भिवा जाळीत उभा राहून ओरडे. भ्यॉक! भ्यॉक! भ्यॉक! लगेच चितळं पळत, ससे बिळात शिरत, वानरं शेंडे गाठत. बिबळ्या आला की ओढ्यावर नुसतं गढूळ पाणी.

हे त्यानं एक तप केलं. पावसात केलं, थंडीत केलं, अंगात ताप असताना केलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या बापानं केलं होतं म्हणून तोही करत होता.

आणि हो, बिबळ्या म्हटलं म्हणून कुणाला सांगू नका. जंगलात त्यांना बिबळेसाहेब म्हणत. ते शोकसभांचे कायमचे अध्यक्ष होते. दिवसा ते अध्यक्ष असत आणि सूर्य बुडाल्यावर बिबळे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घर आणि कचेरी वेगळी ठेवता आली पाहिजे, असं तिथले जाणते म्हणत.

तर एका आठवड्यात दोन मरणं झाली.

एक बाबल्या सुतारपक्ष्याचं. जंगलातल्या अर्ध्या ढोल्या बाबल्यानं कोरल्या होत्या. पोपट त्याच्या ढोलीत राहत, पिंगळे त्याच्या ढोलीत राहत. कोरून कोरून त्याची चोच झिजून गेली होती.

दुसरं मरण मोराच्या चुलत्यांचं. हे चुलते तरुणपणी एकदा वाटसरू सिंहासमोर नाचले होते. सिंहानं तेव्हा जांभई दिली होती. पण ती चुलत्यांकडे बघून दिली होती, ही गोष्ट सगळ्या जंगलाला पाठ होती.

धनेशानं यादी वाचली. चुलत्यांचं नाव, त्यांचा नाच, सिंहाची जांभई, जांभईनंतरचे चुलत्यांचे उद्गार. सगळं वाचून झाल्यावर तो म्हणाला, "याखेरीज काही जण वारले."

पोपटांनी हळहळत माना डोलावल्या. मग ते बाबल्याच्या ढोलीत जाऊन झोपले.

त्या दिवशी भिवाला घास गोड लागेना.

"काय झालं?" त्याची बायको गोदा म्हणाली. "कोवळी पालवी आहे, खा की."

"गोदे, बाबल्या 'काही जणां'त गेला."

"मग? तुमचा आजा गेला, बाप गेला, माझी आई गेली. सगळी तिथंच गेली. गर्दी असली म्हणून काय झालं, माणसं आपली आहेत."

(ती भेकरीण होती, पण बोलताना 'माणसं'च म्हणे. आपण नाही का बोलताना एकमेकांना गाढव म्हणत?)

"तसं नव्हे गं," भिवा म्हणाला. "आपण होतो, एवढं तरी कुणाला कळावं. जास्त नको. एक पान."

गोदानं पालवी त्याच्यापुढे सारली. नवऱ्यानं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ज्यांनी कधी काही मागितलेलं नसतं, ते मागायला लागले की भलतंच मागतात, हेही तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी भिवा कचेरीत गेला. वडाच्या मुळांत साळिंदरतात्या बसले होते. ते कारकून होते. लिहायला ते पाठीवरचा काटा उपटून घेत, त्यामुळे कुणाचं काम करणं त्यांच्या जिवावरच येई.

"तात्या, थोर मयतांत नाव घालायचं होतं."

"कुणाचं?"

"माझंच."

"वारलात का?"

"अजून नाही."

"मग बरोबर वेळेला आलात," तात्या म्हणाले. "मेल्यावर अर्ज घेत नाही आम्ही. मागे घ्यायचो. सह्या जुळेनात." त्यांनी सागाचं एक मोठं पान पुढे सरकवलं. "यावर पाच निरनिराळ्या जातींच्या प्राण्यांचे पंजे किंवा खूर उमटवून आणा. 'सदर मयतास आम्ही जवळून ओळखतो' असं त्यांनी म्हणायचं. आणि एक ध्यानात ठेवा. पारंबीवर चढलेलं पान काही कारणानं उतरलं, तर ते पुन्हा चढत नाही. नियम आहे."

"कशाला उतरेल?" भिवा म्हणाला.

"तेच म्हणतो. उतरू देऊ नका."

भिवा पान तोंडात धरून निघाला. पाच खूर म्हणजे काय, त्याला वाटलं, पन्नास मिळतील. त्याच्या ओरडण्यानं ज्यांचे जीव वाचले त्यांना ओळीत उभं केलं असतं, तर ओळ डोंगरापलीकडे गेली असती.

तो आधी चितळिणीकडे गेला. तिच्या पायाशी नुकतं जन्मलेलं पाडस होतं. त्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं.

"ताई, मी भिवा. संध्याकाळी ओरडतो तो."

"अगबाई, तो आवाज तुमचा?" चितळीण म्हणाली. "मी समजत होते, मोराचा. मी गेल्या दिवाळीत मोराचे आभारसुद्धा मानले. ते काही बोलले नाहीत."

"तो माझा आवाज. तर एवढा खूर..."

"पण मी तुम्हाला जवळून कुठे ओळखते? आवाज आला की मी पळते. ओळख व्हायला थांबावं लागतं हो."

हे रास्तच होतं. भिवा मोराकडे गेला.

"तो आवाज माझा नाही, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही," मोर पिसं झटकत म्हणाला, "पण माझा आहे असं तरी कुठे म्हटलं? लोक प्रेमानं आभार मानतात. त्यांचं मन मोडू?"

सांबरानं भिवाला आपादमस्तक पाहिलं. फार वेळ लागला नाही. "एवढासा जीव आणि एवढा आवाज? चेष्टा करू नका," ते म्हणालं. वानरानं तर उलट भिवाकडेच दाखला मागितला, की तो इशारा शेंड्यावरून वानरंच देतात, असं लिहून दे. सशानं भिवाला पाहिलं मात्र, आणि नवीन कुणी दिसलं म्हणून पळून गेला.

चार दिवस भिवा दारोदार हिंडला. सागाचं पान कोरंच राहिलं. दिवसभर हिंडून तो संध्याकाळी धावत पळत जाळीत परते आणि वेळेवर ओरडे. एकदा तर तो चितळिणीच्या दारातून उठून तडक ओरडायला गेला. तीही तडक पळाली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, "आपण कोण?"

पाचव्या दिवशी तो कचेरीत पान परत द्यायला गेला. त्याचा चेहरा बघून साळिंदरतात्यांना कणव आली. ते तसे वाईट नव्हते, नोकरीत होते इतकंच.

"एक वाट आहे," ते हळूच म्हणाले. "अध्यक्षांचा एक पंजा पाचांच्या बरोबरीचा धरतात."

अध्यक्ष म्हणजे बिबळ्या. पण पान हवं होतं. दुपारच्या वेळी तो बिबळेसाहेबांच्या खडकापाशी गेला आणि दहा हातांवर उभा राहिला.

"साहेब, मी भिवा भेकर. आपण मला ओळखत नसाल..."

बिबळेसाहेब उठून बसले.

"ओळखत नसेन? अरे, करवंदीच्या जाळीतला ना तू? वारा उगवतीचा असला की तीनदा ओरडतोस, मावळतीचा असला की दोनदा. दोन सालांमागं पावसाळ्यात तुझा आवाज महिनाभर चिरकला होता. बरोबर?"

भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं तर गोदाच्याही ध्यानात नव्हतं.

"आज एक तप झालं, तुझ्यामुळे मी अर्धपोटी झोपतोय," साहेब म्हणाले. "तुला विसरेन होय? या जंगलात मी दोघांनाच ओळखतो. एक माझी भूक आणि दुसरा तू. आण ते पान."

त्यांनी पानावर पंजा उमटवला. त्याखाली नंतर कचेरीत तात्यांनी लिहिलं, 'सदर मयतास अध्यक्ष जवळून ओळखतात.'

"साहेब, आपला माझ्यावर राग नाही?"

"राग संध्याकाळी. आत्ता मी कामावर आहे. जा."

भिवा तरंगत घरी आला. सबंध जंगलात आपल्याला ओळखणारा एकच निघाला आणि तो हा, याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण मुलांनो, ओळखणारा भेटला याचा आनंदच इतका होता, की कोण भेटला हे बघायचं राहून गेलं.

अर्ज 'व्हायचे आहेत' या टोपलीत गेला. शेजारी दुसरी टोपली होती, 'झाले'. आता फक्त मरायचं बाकी होतं, आणि भिवाला त्याची काही घाई नव्हती.

पण पुढच्याच आठवड्यात त्याचा घसा बसला. दारोदार आपली ओळख सांगून सांगून बसला असावा. सूर्य बुडाला, वास आला, भिवानं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. त्यानं पाय आपटले, शिंगं झाडावर घासली. ओढ्यापर्यंत काही पोचलं नाही. उलट ओढ्यावरून एका चितळाची किंकाळी तेवढी आली.

असं तीन दिवस चाललं. दोन चितळं आणि एक ससा कमी झाले. भिवा जाळीत तोंड खुपसून रडत असे आणि गोदा त्याला अडुळशाचा पाला चावायला देत असे. जंगलात मात्र कुणी कुणाला विचारलं नाही, की संध्याकाळचा तो आवाज कुठे गेला. ते तिघे 'काही जणां'त गेले.

विचारलं एकानंच. चौथ्या दिवशी सकाळी बिबळेसाहेब कचेरीत आले. पोट भरलेलं होतं आणि चेहरा गंभीर होता.

"तात्या, तीन दिवस भिवाचा आवाज नाही. तो असता तर गप्प बसला नसता. वारला बिचारा."

अध्यक्षांच्या सांगण्याची शहानिशा करायची पद्धत नव्हती. तात्यांनी अर्ज एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकला. दुपारपर्यंत पारंबीला पान लागलं. 'थोर इशारेकार श्रीमान भिवाजीराव भेकर, अध्यक्षांचे निकटचे परिचित.'

अध्यक्षांचे परिचित म्हटल्यावर जंगल हललं. चितळं हळहळली, सांबर सुन्न झालं. वानरानं तातडीनं भिवाजीरावांचं चित्र काढलं. पाहिलेलं कुणी नव्हतंच, म्हणून त्यानं आवाजावरून अंदाज केला. गव्यासारखी छाती, सांबरासारखी शिंगं, आणि नजर लांब कुठेतरी. चित्र वडाला टेकवून ठेवलं. बघणारे म्हणाले, हुबेहूब.

ही बातमी धनेशानं ओरडून सांगितली तेव्हा भिवा पाला चावत होता. तो दचकला.

"गोदे, मी वारलो म्हणे."

"बरं वाटतंय ना पण?" गोदानं विचारलं. "घसा कसा आहे?"

"घसा सुटला." त्यानं हळूच खाकरून पाहिलं. सुटला होता. "मला जाऊन सांगायला पाहिजे."

"सांगा आणि या. सभा ऐकत बसू नका," गोदा म्हणाली. बायकोला नवरा पुरता ठाऊक असतो.

भिवा वडामागच्या झुडपात पोचला तेव्हा सभा सुरू झाली होती. त्याला पुढे होऊन 'मी आहे' म्हणायचं होतं. तेवढ्यात सांबर बोलू लागलं.

"भिवाजीराव आणि मी म्हणजे एक जीव," सांबर म्हणालं. "त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी ओळखलं, हा मोठा प्राणी आहे."

भिवानं विचार केला, एवढं एक ऐकून मग सांगू. मग मोर उठला. भिवाजीरावांच्या आवाजाला आपण सूर दिला, असं तो म्हणाला. चितळीण हुंदके देत म्हणाली, "माझ्या पाडसावर त्यांचा फार जीव." पाडस आईच्या मागे उड्या मारत होतं. भिवा झुडपात बसून रडत होता. खोटं होतं ते सगळं, त्याला कळत होतं. पण आयुष्यभर कुणी खोटंसुद्धा बोललं नव्हतं हो त्याच्याबद्दल.

मग सातभाई बोलायला उभे राहिले. हे सात पक्षी एकमेकांना सोडून कुठे जात नाहीत. पहिल्यानं भाषण केलं. दुसऱ्यानं तेच भाषण केलं. तिसरा म्हणाला, माझे दोन्ही बंधू बोललेच आहेत, तरी मी थोडक्यात सांगतो, आणि पहिल्यापासून सांगितलं. एरवी शोकसभा ऊन असताना संपत. सातवा भाऊ खाली बसला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

"आता," धनेश म्हणाला, "थोर भिवाजीरावांसाठी आपण सर्वांनी डोळे मिटून दोन घटका स्तब्ध उभं राहू या. कुणीही आवाज करू नये."

सगळ्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांनीही मिटले.

सूर्य बुडाला.

अध्यक्षांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. वडाजवळच्या आपल्या खडकावरून ते आवाज न करता खाली उतरले. समोर सगळं जंगल माना खाली घालून, डोळे मिटून, ओळीत उभं होतं. जेवणाची पंगत अशी त्यांना एक तपात मिळाली नव्हती. पुढच्याच ओळीत ते बिननावाचं पाडस होतं. त्यालाही आईनं डोळे मिटायला लावले होते.

झुडपात भिवाला वास आला.

त्यानं वर पाहिलं. पारंबीला त्याचं पान वाऱ्यानं हलत होतं. ओरडलं तर सगळ्यांना कळणार, की भिवा जिवंत आहे. मग पान उतरणार. उतरलेलं पान पुन्हा चढत नाही. गप्प राहिलं तर कायमचं थोर. आणि गप्प राहायला सगळ्यांनाच सांगितलं होतं. तो एकटा थोडाच गप्प होता?

बिबळ्या पाडसापासून चार पावलांवर आला. तीनवर आला.

भिवानं पानावरची नजर काढली. फार जड गेलं त्याला. पान हवंच होतं, शेवटच्या क्षणापर्यंत हवं होतं. वारा उगवतीचा होता. तो तीनदा ओरडला.

भ्यॉक! भ्यॉक! भ्यॉक!

एका झटक्यात पंगत उधळली. चितळं पळाली, ससे पळाले, सातभाई सात दिशांना उडाले. पाडस आईच्या पोटाखाली शिरलं. बिबळ्याचा पंजा नुसत्या गवतावर पडला.

धूळ खाली बसली तेव्हा बिबळेसाहेब खडकावर बसून पंजा चाटत होते. हळूहळू सगळे परत आले. आणि मग जो तो संतापला.

"शोकसभेत ओरडतो कोण?" सांबर गरजलं.

"तेही भिवाजीरावांच्या!" मोर म्हणाला.

"काही रीतभात आहे की नाही?" चितळीण म्हणाली. "माझं पाडस केवढं दचकलं!"

भिवा झुडपातून बाहेर आला. 

"मी ओरडलो. मीच भिवा. मी मेलो नाही. माझा घसा बसला होता."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वडाला टेकलेल्या चित्राकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"भिवाजीराव एवढेसे नव्हते," सांबर शांतपणे म्हणालं.

"त्यांची शिंगं..." वानर म्हणालं आणि पुढे त्याला बोलवेना.

"आम्ही त्यांना जवळून ओळखत होतो," सातभाई एकामागून एक सात वेळा म्हणाले.

भिवानं साळिंदरतात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली. ते त्याच्या कानाशी येऊन पुटपुटले, "मी ओळखतो रे बाबा तुला. पण पान उतरवलं तर टोपली चुकली असं होईल. माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत."

"अध्यक्ष सांगतील," धनेश म्हणाला. "दाखला त्यांचाच आहे."

बिबळेसाहेबांनी भिवाकडे बराच वेळ पाहिलं. सबंध जंगलात त्याला ओळखणारे तेच होते. शिवाय अंधार पडला होता, म्हणजे ते अध्यक्ष नव्हते.

"भिवाजीरावांना मी चांगला ओळखत होतो," ते म्हणाले. "हे ते नव्हेत."

मग ठराव झाला. शोकसभेत असभ्यपणे ओरडणाऱ्या अज्ञात प्राण्याचा सभा निषेध करते. ठराव एकमतानं पास झाला. पाडसाला मत नव्हतं.

भिवा घरी गेला. गोदानं त्याला पाणी पाजलं.

"पान राहिलं का?" तिनं विचारलं.

"राहिलं."

"मग झालं की."

"ते माझं नाही गं. त्या मोठ्या शिंगवाल्याचं आहे."

गोदा त्याच्या अंगाला अंग लावून बसली. "मग त्यालाच म्हणावं, उद्यापासून ओरड," ती म्हणाली. भिवाला हसू आलं, आणि हसता हसता तो फार रडला.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर तो जाळीत उभा राहून ओरडला. तिसऱ्या दिवशीही ओरडला. पुढे दोन वर्षं रोज ओरडला. ओढ्यावरून पळता पळता प्राणी एकमेकांना म्हणत, "ओरडतो बरा, पण भिवाजीरावांची सर नाही."

मग एका शिमग्यात तो खरंच वारला. म्हातारपणानं, झोपेत, गोदाच्या शेजारी.

गोदा कचेरीत गेली. साळिंदरतात्या आता नव्हते. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या बसला होता. त्यानं पारंबीवरचं पान पाहिलं.

"भिवाजीराव भेकर? नोंद आधीच झालेली आहे. एकाच नावाची दोन मरणं बसत नाहीत."

"बसवू नका," गोदा म्हणाली. "मी आपली सांगायला आले. संध्याकाळी जरा जपून राहा म्हणावं सगळ्यांना."

पुतण्याला ते कुठल्या टोपलीत टाकावं कळेना. त्या आठवड्यात धनेशानं यादी वाचली आणि शेवटी म्हणाला, "याखेरीज काही जण वारले."

त्याच संध्याकाळी बिबळ्या शिकारीला निघाला. करवंदीच्या जाळीपाशी तो सवयीनं थांबला. कान टवकारले. वारा उगवतीचा होता. एकदाही आवाज आला नाही.

तो आणखी थोडा वेळ थांबला. कोण गेलं ते त्याला कळलं. सगळ्या जंगलात ते त्या एकालाच कळलं. त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग तो खाली ओढ्यावर गेला. तिथे सगळे निवांत पाणी पीत होते.

तात्पर्य : मुलांनो, ज्यांचे जीव वाचवलेत त्यांच्याकडे थोरवीचा दाखला मागायला जाऊ नये. ज्याची शिकार हुकवलीत त्याच्याकडे जावं, तो कधी विसरत नाही. आणि दाखला एकदा मिळाला, की कुणाचा जीव जात असला तरी पुन्हा तोंड उघडू नये.